जर ओठावर, शिक्का कपाळावर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि विषय असा निवडला आहे की आमच्या नात्यातली निम्मी मंडळी पहिला परिच्छेद वाचूनच उठतील. म्हणून आधीच सांगते, उठू नका. हा विषय तुमच्या-माझ्या घरातला आहे. विषय आहे हर्पिस.

दचकलात ना? आता दुसरा शब्द सांगते. जर. तापातून उठलं की ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा झुबका येतो, दोन दिवस चुरचुरतो, मग खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत सगळं जातं. आमच्याकडे ‘जर आली’ म्हणत. आजी बोटाने साजूक तूप लावायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, रात्री पाल चाटून गेली असेल. शाळेत एक-दोन दिवस मुलं हसायची, एवढंच. लाज म्हणून कुणाला वाटत नव्हती.

तर वाचकहो, ही जर म्हणजेच हर्पिस. हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूचा पहिला प्रकार. आजार तोच, फोड तेच. फक्त नाव बदललं आणि चारचौघांत बोलायची सोय राहिली नाही. माझं आजचं भांडण या लाजेशी आहे. जिथे लाजायचं काही कारण नाही तिथे आपण लाजतो, आणि त्याच विषाणूची जिथे खरी काळजी घ्यायला हवी तिथे खुशाल हसत बसतो.

मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झाले, पुढे बी.एड. केलं आणि निवृत्त होईपर्यंत शाळेत मराठी शिकवलं. माझी भाची डॉक्टर आहे, खाली जे वैद्यकीय आहे ते तिने तपासून दिलं आहे. भांडण मात्र सगळं माझं आहे.

मराठीच्या बाई म्हटल्यावर आधी शब्द बघायलाच हवेत. ‘जर’ हा ‘ज्वर’चाच घासलेला शब्द. इंग्रजीतही याला ‘फीव्हर ब्लिस्टर’ म्हणतात, म्हणजे तापाचा फोड. आणि ‘हर्पिस’? तो ग्रीक. त्याचा मूळ धातू सरपटणे या अर्थाचा, आणि तो आपल्या संस्कृतातल्या ‘सृप्’चा सख्खा चुलत भाऊ. म्हणजे ‘सर्प’ आणि ‘हर्पिस’ एकाच कुळातले. आपल्याकडे अंगावर पट्ट्यासारखे फोड येतात त्याला नागीण म्हणतात. डॉक्टर तिला हर्पिस झोस्टर म्हणतात. नागिणीचा विषाणू वेगळा, तो कांजिण्यांचा. दोघं एका घराण्यातले, पण एक नव्हेत. हे सांगायचं कारण, आमच्या परिचयातल्या एका आजोबांना नागीण झाली, कागदावर ‘हर्पिस’ हा शब्द आला आणि त्यांच्या इंग्रजी शिकलेल्या मुलाने नेटवर भलतंच वाचून बापाशी आठवडाभर अबोला धरला. ऐंशीच्या घरातल्या माणसाशी! नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस मरतो असं मानणारी आमची आजी यापेक्षा परवडली. निदान ती रोग्याच्या शेजारी बसून तरी राहायची.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या अंगात हा पहिल्या प्रकारचा विषाणू आहे. शंभरातल्या चौसष्ट जणांच्या. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, तो १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांच्या अंगात आहे. पहिला प्रकार बहुतेकांना लहानपणीच मिळतो. कुणाच्या लाळेतून, कुणी घेतलेल्या मुक्यातून. बऱ्याच मुलांना काही होतही नाही. काहींना ताप येतो, तोंड येतं, हिरड्या सुजतात, आणि आपण म्हणतो दात येताहेत.

एकदा आत आला की हा पाहुणा जात नाही. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूची एक गाठ कानाच्या पुढच्या अंगाला, कवटीच्या आत असते, तिथे तो झोपून राहतो. ताप, कडक ऊन, जागरण, पाळी, मनाचा ताण असं काही झालं की उठतो, त्याच तंतूच्या वाटेने ओठापर्यंत येतो, फोड आणतो आणि परत जाऊन झोपतो. कुणाच्या बाबतीत वर्षातून चारदा, कुणाच्या बाबतीत जन्मात एकदाही नाही. आणि फोड नसतानाही तो अधूनमधून लाळेत उतरतो. त्यामुळे बहुसंख्य लोकांना तो आपल्यात आहे हेच ठाऊक नसतं.

आता मुद्द्यावर येते. नात्यातल्या एका मुलीची गोष्ट आहे. तिला विचारून लिहिते आहे. नाव-गाव देणार नाही आणि कुणी ओळखायचा प्रयत्नही करू नये.

लग्नाला चार वर्षं झाली आणि दोनदा दिवस राहून तिसऱ्या महिन्यात गेले. दुसऱ्यांदा तिला ‘टॉर्च’ नावाची तपासणी लिहून दिली. रक्ताची तपासणी. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस, यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं आहे. अहवाल आला, त्यात हर्पिसच्या ओळीपुढे ‘पॉझिटिव्ह’ असं ठळक छापलेलं. कुणी समजावून सांगितलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा पेशंट बोलावला. घरी आल्यावर सासूबाईंनी कागद थोरल्या जावेच्या मुलाकडून वाचून घेतला, त्याने मोबाइलवर शोधलं, आणि संध्याकाळी मुलीच्या आईला फोन गेला. फोनवर काय विचारलं ते मी इथे लिहीत नाही. कॉलेजात असताना ती कुठे राहत होती, इथून सुरुवात झाली एवढं पुरे. मूल गमावलेल्या बाईला आठ दिवस नीट रडूसुद्धा दिलं नाही.

त्या कागदावर खरं काय लिहिलं होतं? हर्पिसचं ‘आयजीजी’ पॉझिटिव्ह. याचा अर्थ एवढाच की आयुष्यात कधीतरी हा विषाणू तिच्या अंगात आला होता. कधी? सांगता येत नाही. कुणाकडून? सांगता येत नाही. दुसऱ्या वर्षी आत्याने घेतलेल्या मुक्यातूनही आला असेल. शंभरातल्या चौसष्ट जणांचं जे आहे तेच तिचं. तो कागद वाचून दाखवणाऱ्या मुलाची तपासणी केली असती तर त्याचंही बहुधा तेच निघालं असतं. त्याच तपासणीत ‘आयजीएम’ असाही एक रकाना असतो, तो ताज्या संसर्गाचा म्हणून सांगतात. पण हर्पिसच्या बाबतीत तो भरवशाचा नाही. जुना विषाणू जागा झाला तरी तो पॉझिटिव्ह येऊ शकतो, घराण्यातल्या दुसऱ्याच विषाणूला बघूनही येऊ शकतो.

आणि गर्भपाताचं काय? जुन्या हर्पिसमुळे लागोपाठ गर्भपात होतात असं मानायला आधार नाही. ‘टॉर्च’ हे नाव १९७१ मध्ये अमेरिकेतल्या नाहमियास या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणलं, ते नवजात बाळांच्या आजारांसाठी. गर्भपाताचं कारण शोधायला नव्हे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्सने २०११ च्या आपल्या मार्गदर्शनात, वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईची सरसकट टॉर्च तपासणी सोडून द्यावी असं स्पष्ट म्हटलं. आपल्याकडे मात्र ती अजून लिहिली जाते, लोक हजारो रुपये मोजतात, आणि बदल्यात घरी काय घेऊन येतात? सुनेच्या कपाळावरचा शिक्का.

गंमत अशी, गंमत कसली, कीव यावी अशी गोष्ट, की तो ‘पॉझिटिव्ह’ पुढे येणाऱ्या बाळाच्या दृष्टीने बरंच म्हणायला हवा. ज्या आईला विषाणू जुना आहे तिच्या रक्तात त्याच्याशी लढणारी प्रतिद्रव्यं असतात, ती नाळेतून बाळाकडे जातात. बाळाला खरा धोका असतो तो आईला गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच जननमार्गाचा हर्पिस झाला तर. तेव्हा प्रतिद्रव्यं तयार व्हायला वेळच मिळत नाही. म्हणजे चौकशी करायचीच असेल तर त्या महिन्यांत नवऱ्याच्या ओठावरच्या जरेची करा. कारण पहिला प्रकारही ओठावरून तिथे जाऊ शकतो. पण त्याला कोण विचारणार? तो मुलगा आहे ना!

‘बरं, पण ज्यांना खरंच तिथला हर्पिस आहे त्यांचं काय?’ असं एका चुलत जाऊबाईंनी मला फोनवर विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की त्यांनाही लाज वाटायचं कारण नाही. पहिल्यांदा फोड दिसले म्हणजे संसर्ग आत्ताच झाला असं मुळीच नसतं. विषाणू वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि लग्नाच्या दहाव्या वर्षीही पहिल्यांदा उठू शकतो. ‘कुठून आणलंस?’ हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो तिथे पुष्कळदा उत्तर देणाऱ्यालाच ते माहीत नसतं. यावर संसार मोडायचे? ज्याला आहे त्याने जोडीदाराला सांगावं, फोड असताना दूर राहावं, वरचेवर येत असतील तर डॉक्टरांकडून गोळ्या घ्याव्यात. गोळ्यांनी विषाणू जात नाही, पण फोड कमी होतात आणि दुसऱ्याला लागण्याची शक्यताही घटते. हे सगळं करायला धीर लागतो, आणि आपण नेमका तोच काढून घेतो. लाजलेला माणूस सांगत नाही, आणि न सांगितल्याने विषाणू पसरतो. त्यामुळे ज्यांना लाज हे नीतीचं कुंपण वाटतं त्यांनी एवढं तरी बघावं की या कुंपणाला गुरं आतूनच खात आहेत.

ही लाज आपली जुनीही नाही हो. अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकाने २ ऑगस्ट १९८२ च्या अंकात हर्पिसवर मुखपृष्ठकथा केली आणि त्याला नव्या काळातलं ‘स्कार्लेट लेटर’ म्हटलं. हॉथॉर्नच्या १८५० च्या कादंबरीत व्यभिचाराच्या आरोपावरून एका बाईला छातीवर लाल अक्षर मिरवायला लावतात, त्यावरून. त्या समाजाची ती अडचण होती. आपण ते लाल अक्षर इतक्या दुरून आणून आपल्या पोरीबाळींच्या अंगावर का शिवायचं? आपल्याकडे शब्द होता, ‘जर’. त्यात ताप होता, पाप नव्हतं.

आता नाण्याची दुसरी बाजू. इथे मी सगळ्या आत्या-मावश्या-काकूंचा राग ओढवून घेणार आहे.

तान्ह्या बाळाचे मुके घेऊ नका. गालाचे नाही, हाताचे नाही, ओठांचे तर मुळीच नाही. आमच्या एका भाचसुनेने बारशाला दारातच पाटी लावली, ‘बाळाला पापी नको, हात धुऊन या.’ केवढा गहजब झाला! ‘आम्ही काय रोगी आहोत?’ ‘परदेशी फॅडं.’ आणि हुकमी एक्का, ‘आमची नाही का वाढली?’ वाढली ना. जी नाही वाढली ती बारशाला येऊन सांगू शकत नाहीत.

नवजात बाळाला हर्पिस झाला तर तो ओठावर थांबत नाही. डोळ्यांत, मेंदूत, यकृतात, सगळीकडे पसरू शकतो. जगभरात दरवर्षी अंदाजे १४ हजार बाळांना तो होतो. त्यातल्या बहुतेकांना जन्माच्या वेळी आईकडून मिळतो हे खरं आहे, ते लपवत नाही. पण शंभरातल्या दहाएक बाळांना जन्मानंतर मिळतो, म्हणजे तुमच्या-आमच्याकडून. अंगभर पसरला आणि औषध मिळालं नाही तर अशी शंभरातली पंच्याऐंशी बाळं जात. औषध देऊनही तीसेक जातात. आणि पुष्कळदा बाळाच्या अंगावर फोड दिसतच नाहीत. नुसतं दूध ओढत नाही, सुस्त पडून राहतं, ताप येतो किंवा अंग गार पडतं, झटके येतात. पहिल्या महिना-दीड महिन्यात असं काही दिसलं तर दृष्ट काढत बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा.

‘पूर्वी कुठे होतं हे?’ पूर्वी दहा दिवसांची सोयर होती. बाळ-बाळंतिणीला कुणी शिवत नसे. त्यामागची विटाळाची समजूत वाईटच होती, मी तिची तरफदारी करत नाही. पण विटाळाच्या नावाखाली का होईना, पहिले दहा दिवस बाळ गर्दीपासून लांब राहायचं. आपण सोयर सोडली, चांगलं केलं. मग गर्दी आवरायची नवी शहाणी रीत नको का आणायला? शिवाय काळही बदलतो आहे. अमेरिकेत १४ ते ४९ वयोगटात पहिल्या प्रकारच्या विषाणूचं प्रमाण १९९९-२००० मध्ये सुमारे ५९ टक्के होतं, ते २०१५-१६ मध्ये सुमारे ४८ टक्क्यांवर आलं. राहणीमान सुधारलं की लहानपणचा संसर्ग कमी होतो, आणि मग प्रतिद्रव्यं नसलेल्या आयाही वाढतात. तिकडे असलेल्या आपल्या मुली-सुनांना तिथले डॉक्टर मुक्यांबद्दल बजावतात ते फॅड म्हणून नव्हे.

आईच्याच ओठावर जर आली तर घाबरून बाळ दूर करू नये. तोंडाला फडकं किंवा मास्क, हात साबणाने स्वच्छ, मुका नाही, आणि अंगावर खुशाल पाजावं. फक्त स्तनावरच फोड असेल तर त्या बाजूने पाजू नये.

दुसरी जागा डोळा. हाच विषाणू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर उतरला तर तिथे झाडाच्या फांद्यांसारखी जखम करतो. एकच डोळा लाल, पाणी, उजेड सोसत नाही. आपण काय करतो? औषधाच्या दुकानात जाऊन ‘डोळे आल्याचे थेंब द्या’ म्हणतो. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत विषाणू मोकाट सुटतो. पडदा पांढरा पडून दृष्टी जाऊ शकते. डोळ्यांचे डॉक्टर रंगाचा थेंब घालून दोन मिनिटांत ती जखम बघतात. पुढे स्टेरॉइड लागलंच तर ते त्यांच्या नजरेखाली. दुकानदाराच्या सल्ल्याने नव्हे.

तिसरी जागा मेंदू. हे क्वचित होतं, दहा लाखांत वर्षाला दोन-चार जणांना. पण होतं तेव्हा धडधाकट माणूस ताप आणि डोकेदुखीबरोबर एकाएकी भलतंसलतं बोलू लागतो, घरच्यांना ओळखत नाही, नसलेले वास येतात म्हणतो, झटके येतात. आपल्याकडे याला ‘बाहेरचं’ म्हणणारे अजून आहेत, आणि अंगारे-धुपाऱ्यांत जे दोन दिवस जातात तेच दोन दिवस मोलाचे असतात. औषधाविना शंभरातले सत्तर दगावत. वेळेवर शिरेतून ॲसायक्लोव्हिर सुरू झालं तर पुष्कळ वाचतात. नुसत्या संशयावरही, अहवालाची वाट न बघता ते सुरू करतात.

या औषधाबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. ते ज्या प्रयोगशाळेत घडलं तिथल्या प्रमुख संशोधक गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल दोन पुरुष शास्त्रज्ञांसोबत विभागून मिळालं. बाईंकडे पीएच.डी. नव्हती, आणि सुरुवातीच्या काळात त्यांनी न्यूयॉर्कच्या शाळांत रसायनशास्त्र शिकवलं होतं. शाळेतल्या बाई हो! औषधाची युक्तीही बघा. ते स्वतः निद्रिस्त असतं. विषाणू शिरलेल्या पेशीत गेलं की विषाणूच्याच हत्याराने ते जागं होतं आणि त्याचीच वाढ तोडतं. चोराच्याच किल्लीने चोराला कोंडायचं. लस मात्र अजून निघालेली नाही.

आणि हो, ‘ओठावर जर येणाऱ्यांना म्हातारपणी विसरभोळेपणाचा रोग होतो’ असा निरोप मला तीन ठिकाणांहून आला. या विषाणूचा आणि अल्झायमरचा काही संबंध असावा असं काही संशोधकांना वाटतं, पण ते सिद्ध झालेलं नाही. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांना हर्पिसवरच्या गोळ्या देऊन पाहिल्या, गुण आला नाही. तेव्हा असले निरोप पुढे ढकलू नका. ३८० कोटी लोकांना घाबरवून काय मिळवणार आहात?

तर थोडक्यात माझं म्हणणं एवढंच. सुनेच्या अहवालावरचा ‘पॉझिटिव्ह’ वाचता येत नसेल तर वाचू नका, तिला जेवायला वाढा. मुलीच्या माहेरी फोन करायचाच असेल तर तिची तब्येत कशी आहे ते सांगायला करा. ओठावर जर असेल तर बारशाला जरूर जा, लाजू नका, फक्त बाळापासून चार हात लांब बसा आणि का बसलात ते मोठ्याने सांगा. ‘मला जर आली आहे’ हे वाक्य तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की पुढच्या बाईला ते म्हणणं सोपं जाईल.

ज्यांना राग आला असेल त्यांनी प्रतिक्रियेत भांडावं, उत्तर देईन. फक्त त्या मुलीचं नाव मला विचारू नये.